पाणी हलू देऊ नका

मंगळवारी सकाळी मी बंधाऱ्यावर उभा असताना साक्षीचा फोन आला. साक्षी माझी मुलगी. ती सांगलीला दवाखान्यात आईजवळ होती आणि मी म्हशीसाठी आदल्या दिवशी गावी परतलो होतो. ती म्हणाली, "आप्पा, आई गेली." मी विचारलं, कधी. म्हणाली, आत्ताच. मी निघतो म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. पण लगेच निघालो नाही.

समोर नदीचं पाणी काळं होतं आणि त्यावर मासे उलटे होऊन तरंगत होते. काठाला तर त्यांचा थरच लागला होता. पीरमहंमद गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं ओढून घेत होता. आमच्या गावात मासे धरून विकायचा धंदा त्याचा. त्याला अजून काही माहीत नव्हतं. मला बघून तो म्हणाला, "फौजी, आज इकायचं काम न्हाई. निस्तं पुरायचं." मी सैन्यात होतो म्हणून तो मला फौजी म्हणतो. मग त्यानं रोजच्यासारखं विचारलं, "भाभी कशी हाय?"

मी सांगितलं. त्यानं जाळं तिथंच सोडलं, हात पुसले आणि मला मोटरसायकलवर बसवून स्टँडवर नेलं.

विजयमाला, माझी बायको, गावची आशा कार्यकर्ती होती. बाळंतपणं, लसीकरण, ताप आलेल्यांच्या घरी जाणं, पिण्याच्या पाण्यात टाकायचं औषध घरोघर देणं, ही तिची कामं. त्या वर्षी माघापासून गावात कावीळ सुरू झाली होती. आमच्या गावचं पाणी नदीतून येतं. काठाला एक जॅकवेल आहे, त्यातून पाणी टाकीत चढवतात, टाकीत पावडर टाकतात आणि नळाला सोडतात. मधे दुसरं काही नाही. विजयमाला रोज दहा दारं फिरून पाणी उकळा म्हणून सांगायची. लोक हो म्हणायचे. गॅस जाळून पाणी उकळणं सगळ्यांना जमत नाही, हे तिलाही माहीत होतं.

बाळासोची सून रेश्मा तेव्हा पोटुशी होती. बाळासो आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा चेअरमन; नदीचं पाणी मोटरनं उचलून उसाला देणारी ती संस्था. रेश्माचे डोळे पिवळे दिसल्याबरोबर विजयमालानं तिला जीपमधे घातलं आणि कऱ्हाडला नेलं. घरचे म्हणत होते, झाडपाल्याचं औषध देऊन बघू, शनिवारी देवऋषी येतो. तिनं ऐकलं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अशा दिवसांत ही कावीळ बाईच्या जिवावर उठते, दोन दिवस उशीर झाला असता तर दोघांपैकी कुणीच हाती लागलं नसतं. रेश्मा आणि तिचं बाळ आज चांगले आहेत.

रेश्मा घरी आली आणि महिन्याभरानं विजयमालाचे डोळे पिवळे झाले. ती आधी कामावर जात राहिली. पडली तेव्हा आम्ही सांगलीला नेलं. कावीळ लिव्हरमधे उतरली होती. साक्षीनं डॉक्टरांना विचारलं, हे पाण्यानंच झालं ना. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं होते ती कावीळ हीच, पण कोणत्या पाण्यानं झाली ते रक्तात दिसत नाही.

आता नदीचं सांगतो. आमच्या गावाच्या वर एक कारखाना आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. साखर करून जी मळी उरते तिच्यापासून तिथं स्पिरिट काढतात, आणि त्यातून जे काळं पाणी निघतं ते नदीत जाऊ द्यायचं नाही असा कायदा आहे. मोठ्या खड्ड्यात साठवायचं, त्याचं खत करायचं. पण गाळप संपत आलं की खड्डे भरलेले असतात. मग ते पाणी ओढ्यानं नदीत उतरतं. सोडतात की फुटतं, ते मी पाहिलेलं नाही. ओढा आमच्या बंधाऱ्याच्या वर नदीला मिळतो. उन्हाळ्यात नदी वाहत नसते, बंधाऱ्यानं अडवलेली असते, म्हणून ते सगळं आमच्यापुढं येऊन थांबतं. त्या पाण्यात माशांना श्वास घेता येत नाही. वर कुठल्या तरी गावांचं सांडपाणी येतं, तेही त्यातच राहतं.

काही वर्षांमागं एकदा असंच पाणी काळं झालं, तेव्हा प्रदूषणाच्या ऑफिसचे एक साहेब दुसऱ्याच कामासाठी आमच्या बाजूला आले होते. चहाला थांबले, वास आला, म्हणून खाली उतरून त्यांनी नमुना भरला. तेवढ्या एका नमुन्यावर कारखान्याचं ते युनिट बंद ठेवायचा हुकूम आला. दुसऱ्या वर्षी कारखान्यानं ते पाणी आटवायचं यंत्र बसवलं. त्यानंतरची दोन-तीन वर्षं नदी वेगळी होती. शिंपल्या परत दिसल्या. मरळ, वांब असले मासे मिळायला लागले. पीरमहंमदनं पाणमांजराची जोडी बघितली आणि आपली जाळी फाडल्याबद्दल त्यांना शिव्याही दिल्या. विजयमाला म्हणायची की त्या वर्षांत पोरांची खरूज आणि जुलाब निम्म्यावर आले. ती हे आनंदानं नाही सांगायची, कामाचं म्हणून सांगायची.

मग पुन्हा सुरू झालं. आता जोडून सुट्ट्या आल्या, की त्याच्या आदल्या दिवशी पाणी काळं व्हायचं. विजयमाला तक्रार करायची. ऑफिसात माणसं कमी आणि नद्या जास्त, त्यामुळं कुणी यायचं ते दोन-चार दिवसांनी. तोवर आम्ही गावकरीच पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जाऊन ओरडत असू, की प्यायला पाणी नाही, वासानं जेवण जात नाही, वरून पाणी सोडा, बंधारा मोकळा करा. पाणी सुटायचं, घाण पुढं जायची. मग साहेब यायचे आणि चांगलं पाणी बाटलीत भरून न्यायचे. नमुना पास. हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी विजयमाला घरी येऊन म्हणाली, "कारखाना न्हवं, आपुनच धुऊन टाकतोय." त्यानंतर ती दर वेळी काळं पाणी लोणच्याच्या बरणीत भरून कपाटात ठेवायला लागली. कैरीचं लोणचं घालायला बरण्या उरल्या नाहीत, तेव्हा मी कुरकुर केली होती.

सोमवारी मी दवाखान्यातून गावी आलो आणि नदी काळी दिसली. मी तिला फोन केला. तिचा आवाज बारीक झाला होता. तिनं पहिलं विचारलं, ऑफिसला कळवलं का. मी कळवलं होतं. ते म्हणाले होते, गुरुवारी सकाळी येतो. ती म्हणाली, "मग गुरुवारपातूर पाणी हलू देऊ नका. बरग्यांना कुणाला हात लावू देऊ नका." बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवलेल्या लोखंडी फळ्या. त्या काढल्या की अडलेलं पाणी निघून जातं. मी बरं म्हणालो. ती माझ्याशी शेवटची बोलली ती हीच वाक्यं. नंतर साक्षीशी काय बोलली ते साक्षीनं सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आमच्याच घाटावर तिला अग्नी दिला. तेव्हा पाणी तसंच होतं. वारा घाटाकडं होता. बायकांनी तोंडाला पदर लावले होते. रडण्यासाठी की वासासाठी, ते सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. तो दिवस गुरुवारच येत होता. बुधवारी अंगणात माणसं बसली होती, तेव्हा अस्थी कुठं सोडायच्या याचा विषय निघाला. आमच्याकडं आता बरेच लोक रक्षा नदीत टाकत नाहीत, शेतात टाकतात आणि वर झाड लावतात. बाळासो म्हणाला, रक्षा तशी शेतात घालू, पण अस्थी कऱ्हाडला संगमावर नेऊ. गाडी त्याची. नानासोही त्याला हो म्हणाला. नानासो विजयमालाचा धाकटा भाऊ, तिचं माहेर नदीनंच खाली दोन गावं सोडून आहे.

मी म्हणालो, अस्थी इथंच सोडायच्या. आधी प्रदूषणाच्या ऑफिसच्या मॅडम येऊन नमुना घेतील, मग सोडायच्या.

"आप्पा, ह्या पाण्यात?" बाळासो म्हणाला.

"हाय त्याच पाण्यात."

कुणी पुढं बोललं नाही. माझ्या शेजारी बसलेला कृष्णात, जो बंधाऱ्याची देखरेख करतो, त्यानं मान खाली घातली. मला वाटलं त्यांना पटलं. मी विजयमालाचं बोलणंही त्यांना सांगितलं, की बरग्यांना हात लावायचा नाही. ते सगळ्यांनी ऐकलं. नंतर कळलं की त्यांनी ते दुःखात बोललेलं समजलं. माणूस असं बोलतो आणि पुढं जन्मभर मनाला लावून घेतो, असं बाळासोचं म्हणणं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही घाटावर गेलो. पायऱ्या उतरताना मला पाण्याचा आवाज आला. उन्हाळ्यात तिथं आवाज नसतो.

नदी वाहत होती. पाणी हिरवट होतं आणि तळाचे दगड दिसत होते. बंधाऱ्याच्या मधल्या गाळ्यांचे बरगे काढून काठाला रचून ठेवले होते. बाळासो, कृष्णात आणि आणखी पंधरा-वीस माणसं अंगावरचे ओले कपडे तसेच ठेवून उभी होती. पहाटे उतरली होती. पाण्याच्या दाबात बरगे काढणं सोपं काम नाही. कृष्णातच्या हाताची दोन बोटं चेचली होती, त्याला फडकं बांधलं होतं. पाटबंधाऱ्याची परवानगी घेतली नव्हती. आणि ते पाणी म्हणजे त्यांच्याच उसाचं पाणी होतं. चैत्रात बंधारा मोकळा केला तर धरणातून पुढचं पाणी सुटेपर्यंत मोटरींना पाणी नाही, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाळासो पुढं आला. म्हणाला, "आप्पा, रागवू नका. माझी सून, माझा नातू वैनींनी वाचवला. त्यास्नी गटारात सोडलेलं माझ्यानं बघवलं नसतं. आता सोडा. बघा पाणी कसं हाय."

माझ्या हातात अस्थींचं मडकं होतं. साक्षी माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "आप्पा, मॅडम दहाला येणार आहेत ना?"

तोवर बाकीचे विधी उरकले. राख गोळा करून गोणीत भरली. घास ठेवला. कावळे होते, पण ते खाली होते. पाणी उतरल्यावर दोन्ही काठांच्या चिखलात मेलेले मासे उघडे पडले होते आणि गावातले सगळे कावळे तिकडं जमले होते. घासाकडं एकही आला नाही. रीतीप्रमाणं एकेकानं पुढं होऊन तिची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून सांगायला सुरुवात केली. एक म्हणाली, साक्षीचं लग्न थाटात करू. नानासो म्हणाला, ताई, माहेरचं येणंजाणं तुटू देणार नाही. बाळासो म्हणाला, आप्पाकडं आमी बघू. कावळा आला नाही. पीरमहंमद वरच्या पायरीवर उभा होता, तो म्हणाला, "त्येंचं प्वाट भरलंय. कशाला थांबताय?" कुणाला हसू आलं, ते दाबलं. शेवटी घास गाईला घातला.

मॅडम आल्या तेव्हा माणसं परतायला लागली होती. तिशीच्या असतील. बरोबर ड्रायव्हर आणि बाटल्यांची पेटी. त्यांना आधी वाटलं चुकीच्या वेळी आलो. त्या परत गाडीकडं निघाल्या होत्या. मी त्यांना बोलावून घेतलं. तक्रार करणारी बाई हीच, असं मडक्याकडं बघून सांगावं लागलं. त्यांनी चपला काढल्या, खाली उतरल्या आणि दोरीला बांधलेलं मीटर पाण्यात सोडलं. दोनदा बघितलं.

"पाणी चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की पहाटेपर्यंत काळं होतं. त्यांनी बरग्यांकडं बघितलं, ओल्या माणसांकडं बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्या ओढ्याकडंही जाऊन आल्या. ओढा कोरडा होता, फक्त दगडांवर काळा डाग होता. मेलेले मासे बघितले. म्हणाल्या, मासे मेलेत हे मी लिहीन, पण कशानं मेले ते लिहायला मला पाणी पाहिजे.

साक्षी घरी जाऊन तीन बरण्या घेऊन आली. विजयमालानं या वर्षी अंथरुणाला लागण्याआधी, आणि मागल्या वर्षी, आणि त्याच्या मागल्या वर्षी भरलेल्या. त्यांत अजून खारातल्या मोहरीचा वास होता. मॅडमनी एक बरणी उजेडात धरली, परत साक्षीच्या हातात दिली. म्हणाल्या, "हे मला घेता येत नाही. मी स्वतः नदीतून भरलेलं, पंचांसमोर सील केलेलं पाणीच चालतं. नाहीतर कारखान्याचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल, लोणचं कुणाचं होतं." हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. साक्षीनं बरण्या ओढणीत गुंडाळल्या.

मग त्यांनी चांगल्या पाण्याचा नमुना भरला, कारण नियमाप्रमाणं भरावाच लागतो. पंच म्हणून सही कोण करणार, असं त्यांनी विचारलं. कुणी पुढं येईना. मी मडकं साक्षीकडं दिलं आणि सही केली. नाव, जोतिबा, आणि खाली तारीख. समोरचं पाणी स्वच्छ आहे असं त्यावर लिहिलं होतं. ते खरं होतं.

त्याच वेळी नानासोचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला, परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यांच्या गावात सकाळी आठपासून काळं पाणी आलं होतं. जॅकवेलची मोटर चालू होती, टाकी त्याच पाण्यानं भरली, अर्ध्या गावाला नळ सुटला. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. नानासो कुणाकडं न बघता म्हणाला, "ताईसाठी सोडलेलं पाणी तिच्या माहेराला गेलं म्हणायचं."

बाळासो खाली बसला. ओल्या पायरीवर बसला आणि हात गुडघ्यावर ठेवून पाण्याकडं बघत राहिला.

मी मॅडमना म्हणालो, मग तिथं चला. तेच पाणी आहे, तिथं भरा. त्या म्हणाल्या, तिथं भरता येईल. मधे दुसरं काही मिसळलेलं नसेल तर ते वरूनच आलं असं म्हणताही येईल. पण लगेच निघायला पाहिजे. मी गाडीत बसलो. साक्षीनं मडकं माझ्या मांडीवर दिलं. म्हणाली, "आईला घेऊन जा." नानासो मागं बसला.

रस्ता नदीला धरून नाही, उसातून आणि गावांतून वळत जातो. ड्रायव्हरनं जमेल तेवढी घाई केली. यात्रेच्या कमानी लागल्या होत्या, एका ठिकाणी बैलगाड्या आडव्या आल्या. नानासो फोनवर भावकीतल्या कुणाला तरी सांगत होता की आम्ही येतोय, नळ बंद करा, पाणी पिऊ नका. एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. बरग्यांचं सांगायचं राहिलं. ते त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा त्या गावचे लोक बरगे काढून काठावर बसले होते. नदी वाहत होती. आमच्याइतकी स्वच्छ नव्हती, पण काळीही नव्हती. सरपंच नानासोला म्हणाला, "कळल्याबरुबर पोरं उतरवली. गेलं बघ सगळं खाली." त्याला वाटलं त्यानं चांगलं काम केलं, आणि त्याच्या गावापुरतं ते चांगलंच होतं. मॅडमनी मीटर सोडलं, मान हलवली, परत गाडीत बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पुढं?" त्या म्हणाल्या, पुढं.

पुढचा बंधारा महापुरात फुटलेला आहे, तिथं बरगे बसतच नाहीत. तिथं आम्हाला काळं पाणी सापडलं. पात्र रुंद आहे, पाणी पसरून संथ चाललं होतं, आणि मासे इथंही होते, काही अजून तोंड वर काढून श्वास ओढत होते. दोन बायका साडीचा ओचा बांधून ते पाटीत भरत होत्या. मी त्यांना खाऊ नका म्हणून सांगितलं. विजयमाला असती तर तिनं आधी तेच केलं असतं. एक म्हणाली, "जित्तं हायत की वो." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पाटी उचलली आणि वर चालू लागल्या.

मॅडमनी नमुना भरला नाही. त्या काठाकाठानं वर चालत गेल्या आणि लगेच परत आल्या. त्या जागेच्या थोडं वर एका शहराचा नाला नदीला मिळतो. तोही काळाच आहे, बारा महिने. त्या म्हणाल्या, "आजोबा, इथलं पाणी मी भरते. फेल होणार. पण ते नाल्याच्या नावावर जाईल. कारखान्याचं कुठलं आणि शहराचं कुठलं, हे आता कुणालाच वेगळं करता येणार नाही."

मी म्हणालो, भरा.

त्यांनी भरलं, सील केलं. इथंही मी सही केली. पुढं काही महिन्यांनी त्या शहराच्या नगरपालिकेला नोटीस गेली, असं त्यांनी मला फोन करून कळवलं. ती नोटीस खोटी नव्हती. नाला घाणच आहे. नोटिशीवर तिथं सांडपाणी शुद्ध करायचं काम निघालंय म्हणतात. झालं तर खालच्या लोकांना बरं होईल.

परतताना नानासो त्याच्या गावी उतरला. उतरताना त्यानं मडक्याला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "दाजी, आता कुठं सोडणार?" मी म्हणालो, बघू. मॅडमनी मला दारापर्यंत आणून सोडलं. चहा नको म्हणाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वेळी पाणी धरून ठेवा, मी रात्री-अपरात्री येईन. विजयमालानं हेच सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नानासोच्या गावात पुढच्या महिन्यात काविळीचे पेशंट निघाले. किती त्या पाण्यानं आणि किती आधीचे, कुणी सांगू शकत नाही. कुणी दगावलं नाही. आमच्या गावात संस्थेच्या सभासदांचा ऊस वाळला. बाळासोचा तर तोडून जनावरांना घालावा लागला. त्यानं तक्रार केली नाही. बरेच दिवस तो माझ्या दारावरून गेला नाही, लांबच्या वाटेनं जायचा. मग एक दिवस मीच त्याच्या घरी गेलो. रेश्मानं मूल माझ्या मांडीवर दिलं. बाळासो म्हणाला, "आप्पा, लोकांनी जीव लावला म्हणून झालं." मी म्हणालो, मला माहीत आहे. त्याखेरीज आम्ही त्या विषयावर बोललो नाही. पावसाळ्यानंतर बरगे बसवले तेव्हा त्यानं संस्थेची सभा घेतली आणि ठराव केला, की पाणी काळं झालं तर ऑफिसचा माणूस येऊन नमुना भरेपर्यंत बरग्यांना हात लावायचा नाही, खालच्या गावांना आधी कळवायचं, आणि तोवर गावाला टँकरनं पाणी द्यायचं. कृष्णातनं बरग्यांना साखळी आणि कुलूप घातलं. किल्ली मला आणून दिली. मी नको म्हणालो, तरी ठेवून गेला.

रक्षा शेतात घातली, वर जांभूळ लावलंय. ते धरलंय. अस्थींचं मडकं गोठ्यात खुंटीला टांगलेलं आहे. साक्षी दर फोनला विचारते. बाकीचे आता विचारत नाहीत. संगमावर न्यायचं तर उद्याही नेता येईल, पण विजयमालाला मी बरं म्हणालो होतो, ते आधी पुरं करायचं आहे.

कारखान्याचं गाळप आता संपत आलं आहे. मी रोज सकाळी धार काढून झाली की बंधाऱ्यावर जातो. पीरमहंमद तिथंच असतो. परवा तो म्हणाला, "फौजी, नदी काळी कवा हुईल म्हून वाट बघणारा तू पयला माणूस." मी म्हणालो, व्हय. आज सकाळपर्यंत पाणी चांगलं होतं. दोन बगळे होते.

आशाची जागा भरलेली नाही. नमुना घ्यायचा राहिला आहे, आणि अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.